फुटाला एक सूत

माझ्या घरी एक पोलादी फूटपट्टी आहे आणि ती फुटापेक्षा मोठी आहे. बारा इंच तिच्यावर व्यवस्थित कोरलेले आहेत, मोजून बाराच. पण त्यातला प्रत्येक इंच जरासा सैल आहे. गेल्या महिन्यात मुलीच्या शाळेसाठी पुठ्ठ्याचं घर करायचं होतं. भिंती तिनं तिच्या पट्टीनं कापल्या, छप्पर मी या पट्टीनं. छपराच्या खाचा भिंतींशी जुळेनात. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही खरंच कंपनीत मोजमापाचं काम करता?" त्यावर बायको आतून म्हणाली, "करायचे. म्हणून तर त्यांना मॅनेजर केलं. आता दुसरे मोजतात."

मी पट्टी परत कपाटात ठेवली. टाकून देणं शक्य नाही. ती मिस्तरींची आहे.

मिस्तरी म्हणजे माझे भरे गावातले घरमालक. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या कोंबड्यांच्या शेडच्या जागी आज कुणाचं तरी गोदाम आहे, बाहेर कंटेनर उभे असतात. घोटावड्याच्या रस्त्यानं जायची वेळ आली की मी तिथं गाडी हळू करतो, मागचा हॉर्न वाजवतो आणि मी पुढे निघतो. त्या शेडमध्ये एक विमान होतं, हे मागच्या हॉर्नवाल्याला कसं सांगणार? सांगितलं तरी तो काय म्हणेल ते मला माहीत आहे. मीसुद्धा पहिल्या दिवशी तेच म्हणालो होतो.

मी तेव्हा पिरंगुटच्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून नुकताच लागलो होतो. बार्शीहून आलेला, पंचविशीचा, खिशात मापाचा व्हर्नियर आणि डोक्यात हवा. खोली बघायला गेलो तर दारात एक वाळकुडा म्हातारा उभा. कानावर पेन्सिल, अंगात खाकी हाफ शर्ट. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नाव नाही, गाव नाही, जात नाही, काही विचारलं नाही.

"पाच फूट साडेसहा," तो म्हणाला.

"सात," मी म्हणालो. "पाच फूट सात इंच."

"बूट काढ."

काढले. त्यानं चौकटीला पाठ लावून मला उभं केलं, डोक्यावर सुताराचा गुण्या धरला, पेन्सिलीची रेघ मारली आणि मोजलं. साडेसहा. तेव्हापासून मी कुठल्याही फॉर्मवर साडेसहाच लिहितो. लग्नाच्या बायोडेटावर सुद्धा तेच लिहिलं होतं, आणि त्यापायी एक चांगलं स्थळ गेलं.

"खोली तुझी," मिस्तरी म्हणाले. "पर दोन गोष्टी. शेडमंदी मला इचारल्याबिगर जायाचं न्हाई. आन् दर ऐतवारी दोन तास माझं."

"कशासाठी?"

"विमान करतुया."

मी हसलो. ते हसले नाहीत. मागून त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, चहाचा कप घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "हसून घ्या भाऊ, आज हसून घ्या. आधीचे पाच जन असंच हसलं हुतं. सगळ्यांनी लाकडं घासली."

मिस्तरी आयुष्यभर एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. बिडाची वस्तू ओतायची तर आधी तशीच लाकडी वस्तू करावी लागते. ती वाळूत दाबायची, अलगद काढून घ्यायची आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. त्या लाकडी वस्तूला पॅटर्न म्हणतात. बीड थंड होताना आकसतं, फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढा पॅटर्न आधीच मोठा करावा लागतो. आता दर मापाला कोण हिशेब करत बसणार? म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच मुळात मोठी असते. हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर ही गोष्ट झालीच नसती.

एका पॅटर्नवरून हजार नग निघतात. ते नग पंपात बसतात, ट्रॅक्टरमध्ये बसतात, गावोगाव जातात. पॅटर्न मात्र स्टोअरच्या माळ्यावर धूळ खात पडतो. मिस्तरींना याचं दुःख नव्हतं. उलट बसमधून जाताना शेतातला पंप दिसला की ते काकूंना कोपर मारून म्हणत, "माझा." काकू म्हणत, "व्हय, आन् घरातला नळ गळतुया त्यो कुनाचा?"

विमानाचं मूळ म्हणजे एक पान. फौंड्रीत परदेशी मशीन आलं होतं, पाइनच्या लाकडाच्या भल्यामोठ्या पेटीत, आणि पेटीत भर म्हणून जुन्या मासिकांचे कागद कोंबले होते. त्यातलं एक पान कोंडिबाला सापडलं. कोंडिबा म्हणजे मिस्तरींचा जोडीदार. हे लाकूड कापणार, तो वाळूचा साचा दाबणार. कासार आंबोलीचा, मेंढ्याशेळ्यांच्या घरातला. कारखान्यात गेलेला घरातला पहिलाच माणूस. त्या पानावर एका विमानाचा फोटो होता, खाली छोटी आकृती आणि चार ओळी इंग्रजी. दोन मजली पंखांचं, लाकूड-कापडाचं, तारांनी बांधलेलं. त्यात एकामागे एक दोन खड्डे, दोन माणसांसाठी. मधल्या सुट्टीत भाकरी खाता खाता दोघांनी ते पाहिलं आणि ठरवलं, नोकरी संपली की हे करायचं. पुढे कोंडिबा, मागे मिस्तरी.

त्या चार ओळी मिस्तरी प्रत्येक नव्या भाडेकरूकडून वाचून घेत. माझ्या आधीच्या पाचांनी वाचल्या होत्या. एखादा तरी काही वेगळं वाचेल अशी त्यांना आशा असावी. पहिल्याच रविवारी त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून ते पान काढून माझ्यापुढे धरलं.

मी वाचलं. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचं दोन आसनांचं लष्करी विमान. पुढच्या आसनावर टेहळणी करणारा, मागच्यावर वैमानिक. नमुना म्हणून एकच बांधलं. चाचण्या समाधानकारक झाल्या. इंजिन वेळेत मिळालं नाही. मिळालं तोवर लष्कराची गरज बदलली होती. पुढे उत्पादन झालं नाही.

"नापास झालं असं लिवलंय का?"

"नाही."

"नीट बघ."

"नाही लिहिलेलं, मिस्तरी."

त्यांनी पान परत घेतलं, घडीवर घडी बसेल असं दुमडलं. "मंग झालं तर. पॅटर्न चांगला हुता. ओतलंच न्हाई कुनी."

त्या एका वाक्यात मिस्तरी सगळेच्या सगळे मावत होते, असं आता वाटतं. तेव्हा मला वाटलं होतं ते एवढंच, की माझा रविवार गेला.

शेडमध्ये विमान होतं ते खऱ्या मापाचं. एकेका बाजूचा पंख सोळा फुटांचा. लाकूड त्याच पाइनच्या पेट्यांचं, पिरंगुटच्या पट्ट्यात कुठे नवीन मशीन उतरलं की मिस्तरी सायकल घेऊन हजर, "पेटीचं काय करनार?" तारा मोटारसायकलच्या क्लचच्या. चाकं सायकलची. इंजिन लाकडाचं, पण बोल्टसकट, आणि प्रत्येक बोल्टला आटे पाडलेले. कापड मांजरपाट, त्यावर काकूंच्या हातची गव्हाच्या चिकाची खळ. खळ वाळली की कापड ढोलकीसारखं वाजायचं. शेडमध्ये कोंबड्यांचा वास शेवटपर्यंत होता आणि वारा सुटला की कोपऱ्यातली जुनी पिसं भिरभिरायची. त्या शेडमधून हवेत उडालं ते तेवढंच.

काकूंचं विमानाशी वैर होतं आणि संसारही होता. चिक ढवळताना शिव्या देत, पण गुठळी होऊ देत नसत. उन्हाळ्यात एकदा त्यांनी खालच्या पंखावर धोतर अंथरून कुरडया घातल्या. मिस्तरी आले आणि जागीच उभे राहिले.

"अगं, लष्कराचं इमान हाय त्ये!"

"लष्करानं घेतलं न्हाई ना? मंग माझ्या कुरडयांनी घेतलं."

दोन दिवस मिस्तरी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तळलेल्या कुरडया ताटात आल्या, त्या मात्र मोजून सात खाल्ल्या.

पुढच्या आसनावरून मात्र काकूंचं खरं दुखणं होतं. "जलमभर ह्यांच्या लुनावर मागं बसले," त्या मला म्हणत. "इमानात तरी पुढं बसवावं का न्हाई? तर न्हाई. ती सीट कोंडिबाची. आन् कोंडिबा तर फिरकत बी न्हाई."

हे खरं होतं. कोंडिबा कधी आलाच नाही. मिस्तरींनी दूधवाल्याबरोबर निरोप पाठवला, एकदा लग्नातल्या पाहुण्याबरोबर, एकदा पोस्टमनबरोबर. उत्तर ठरलेलं: शेळ्या सोडून कसा येऊ? भरे ते कासार आंबोली अंतर काय, मोटारसायकलवर पाव तास. पण तो पाव तास अठरा वर्षं कुणी ओलांडला नव्हता. मिस्तरी पुढच्या आसनाचं लाकूड दर आठवड्याला कापडानं पुसत. त्यात बसायला मला बंदी होती, मांजराला बंदी होती आणि काकूंना तर होतीच.

भांडण कशावरून, असं मी एकदा विचारलं. "वाळूवरनं," मिस्तरी म्हणाले आणि रंधा हातात घेतला. मिस्तरींनी रंधा घेतला की पुढे बोलायचं नाही, हे आम्हांला ठाऊक होतं.

माझ्या पराक्रमांची यादी इथे देत नाही. पंखात पाय घालून कापडासकट खाली आलो होतो, तो प्रसंग काकू पाहुण्यांना चहाबरोबर सांगत असत, तेव्हा त्याचा हक्क त्यांचा. पण डाव्या पंखाचं सांगितलं पाहिजे.

उजवा पंख मिस्तरींनी केला होता. डावा त्यांनी मला दिला. "तू इन्स्पेक्टर. तुला माप कळतंय." मी इतका फुगलो की त्या आठवड्यात कंपनीतले दोन चांगले नग उगाच नापास केले. मिस्तरींच्या पेटीतून एक सुंदर पोलादी पट्टी उचलली. तिथं लाकडी, पत्र्याच्या, घडीच्या अशा चार पट्ट्या होत्या, पण मला चकाकणारी आवडली. एक फुटाची पट्टी, सोळा वेळा ठेवून, सुईच्या टोकानं खुणा करून मी लांबी आखली. सहा रविवार घालवले. कापड ताणलं. गावातल्या चार जणांनी उचलून पंख जागेवर धरला.

उजव्यापेक्षा डावा दोन इंच लांब.

चौघे पंख धरून उभे. काकू दारात. मिस्तरी एकदा इकडून, एकदा तिकडून बघत होते. मी घाईघाईनं म्हणालो, "लाकूड फुगलं असेल. हवा दमट आहे ना."

मिस्तरींनी माझ्याकडे पाहिलं. "लाकूड रुंदीत फुगतं," ते शांतपणे म्हणाले. "लांबीत न्हाई."

मग त्यांनी हात पुढे केला. मी पट्टी दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, आणि मला वाटलं आता पेटले. पण ते खाली उकिडवे बसले. पट्टी गुडघ्यावर ठेवून बसून राहिले. सोळा फूट, फुटाला एक सूत, सोळा सूत म्हणजे दोन इंच. हा हिशेब मी नंतर केला. त्यांना तो पाहताक्षणी झाला होता. चौघांपैकी एक जण म्हणाला, "मिस्तरी, हात भरून आलं, ठिवू का खाली?" तरी ते हलले नाहीत.

शेवटी उठले आणि मला म्हणाले, "लाकडावर घालू नगंस. लाकडाला त्वांड न्हाई." आणि पंखाकडे बोट दाखवून, "सगळं सोडव. कापड काढ, खिळं काढ, नव्यानं आख. दार उघडं ठिवून कर. येनारा-जानारा बघू दे."

मी तो पंख उसवायला बसलो तेव्हा अर्ध्या गावानं पाहिलं. "काय इन्स्पेक्टर, पास का नापास?" हे वाक्य पुढे महिनाभर मला दुकानात, नळावर, केस कापताना ऐकावं लागलं.

तो पंख परत बसला त्या दुपारी मिस्तरी म्हणाले, "नळी तपासायची हाय." दोन आसनांमध्ये त्यांनी बोलायची नळी बसवली होती. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती लांब नळी, दोन्ही टोकांना रॉकेलची नरसाळी. इंजिनाच्या आवाजात पुढच्याला मागच्याचं ऐकू येत नाही म्हणून. इंजिन लाकडाचं होतं, ते कधी आवाज करणार नव्हतं, पण तो मुद्दा मी काढला नाही.

"पुढं बैस," ते म्हणाले.

"मी? पुढे?"

"तपासायपुरता. नरसाळं कानाला लाव. मागं बघायचं न्हाई."

मी बसलो. बराच वेळ नळीतून नुसता श्वास ऐकू येत होता, जरासा घरघरणारा. लाकडाचा भुसा आयुष्यभर छातीत गेलेला. मग आवाज आला. समोर बसून मिस्तरी कधी चार वाक्यं सलग बोलले नव्हते.

"कोंड्या. ऐक. ती पंपाची कव्हरं ल्हान निघाली ना, ती तुझ्या वाळूनं न्हाई. पॅटर्नला मी साधी पट्टी लावली हुती. भनीचं लगीन हुतं, घाई हुती, पेटीतनं हाताला आली ती घेतली. फोरमननं सगळ्यांम्होरं इचारलं, का ल्हान झाली? माझ्या तोंडातनं निघालं, वाळू कच्ची हुती, साचा आत बसला. निघालं त्ये निघालं. तू माझ्याकडं बघितलंस. मी खाली बघितलं. दुसऱ्या दिशी सुट्टीत पॅटर्नवर चामडं चिटकवलं आन् माप बरोबर केलं. कुनाला कळलं न्हाई. तू तवर टावेल खांद्यावर टाकून नोकरी सोडून गेला बी हुतास."

नळीत पुन्हा नुसता श्वास.

"इन्स्पेक्टर."

"हां."

"आलं ऐकू?"

"आलं."

"सपष्ट?"

"स्पष्ट, मिस्तरी."

"मंग बराबर हाय," ते म्हणाले, खाली उतरले आणि गूळ आणायला दुकानात गेले. घरात गूळ होता.

त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी मला कासार आंबोलीला पाठवलं. निरोप त्यांनी माझ्याकडून तीनदा पाठ करून घेतला. "विमान झालंय. पुढची सीट तुझी हाय. ऐतवारी ये. बस्स. त्याच्यावर एक अक्षर न्हाई. तुझं त्वांड मला ठावं हाय." माझं तोंड सगळ्यांनाच ठाऊक होतं, तरी मला पाठवलं. दुसरं कुणी नव्हतं.

नव्या बंगल्यांच्या कुंपणांमागे कोंडिबाचा शेळ्यांचा वाडा होता. हा उंच माणूस, पांढऱ्या मिशा, डोक्याला पटका. एका शेळीचा खूर हातात घेऊन कापत बसलेला. मी निरोप सांगितला, शब्दाला शब्द. माझ्या इन्स्पेक्शनच्या आयुष्यातलं सर्वांत अचूक काम.

त्यानं मान वर केली नाही. "त्याला म्हनावं, पुढं वाळूला बसव. माझ्यापरीस वाळूचीच त्याला लई वळख."

इथं मी नमस्कार करून निघायला हवं होतं. गाडीला किल्लीसुद्धा लावली होती. पण मला राहवलं नाही. "अहो, वाळूचं काही चुकलंच नव्हतं!" मी म्हणालो. "पॅटर्न चुकला होता. मिस्तरींनी पट्टी चुकीची..."

आणि मग मला माझाच आवाज ऐकू आला.

खूर कापायचा थांबला. शेळीनं पाय झटकला आणि ती निघून गेली. कोंडिबा तसाच बसून होता, हातात कात्री. मी मनात मिस्तरींचं तोंड पाहत होतो. अठरा वर्षं एक माणूस एक वाक्य घेऊन बसला, ते सांगता यावं म्हणून एवढं विमान बांधलं, आणि ते वाक्य मी असं शेळ्यांच्या लेंड्यांत सांडून टाकलं.

"तुला कुनी सांगितलं?"

"त्यांनीच. म्हणजे मला नाही, तुम्हांला. म्हणजे... नळीतून."

"कशातनं?"

मी नळी समजावून सांगितली. नरसाळ्यासकट. जसजसं सांगत गेलो तसतसं ते जास्तच येडपटासारखं वाटायला लागलं.

कोंडिबा उठला. मला वाटलं, आता हाकलणार. "पावनं," तो म्हणाला, "तू सांगून काय उपेग? तू तितं हुतास का? फौंड्रीत चाळीस मानसं हुती. त्यांनी ऐकलं, कोंडिबाचा साचा कच्चा. माझ्या पोराच्या सोयरिकीत एकानं काढलं त्ये." त्यानं कात्री पुसून कमरेला खोवली. "त्याच्या तोंडनं आलं पायजे."

"येईल. त्यासाठीच तर बोलावलंय."

"ऐतवारी येतो म्हनावं. आन् तू कायबी बोल्ला न्हाईस. मी कायबी ऐकलं न्हाई. कळलं का?"

परत आल्यावर मिस्तरींनी विचारलं, "येतो म्हनला?"

"म्हणाले येतो."

"आनि काय बोल्लास?"

"काही नाही."

मिस्तरींनी माझ्या तोंडाकडे बघितलं, माप घेतल्यासारखं. पण आनंदात माणसाचं माप चुकतं. त्यांनी लगेच काकूंना हाक मारली आणि रव्याचं काय ते विचारायला आत गेले.

रविवारी चारच्या सुमारास कोंडिबा आला. धुतलेलं धोतर, नवा पटका. एकटा आला नव्हता. बरोबर फौंड्रीतले जुने तिघे होते. वाटेतल्या गावांतून त्यानं त्यांना गोळा केलं होतं. मिस्तरी त्या तिघांना बघून जरा घोटाळले. "ह्यांनी बी बघावं की," कोंडिबा म्हणाला, "इमान काय रोज दिसतंय व्हय?" अठरा वर्षांनी दोघांमध्ये झालेलं हे पहिलं बोलणं.

काकूंनी विमानाच्या नाकाला हळदकुंकू लावलं. कोंडिबानं एक फेरी मारली. तळवा पंखाच्या कडेवरून फिरवत गेला, साचा दाबणारा माणूस पॅटर्नवरून फिरवतो तसा. डाव्या पंखाशी तो जरा रेंगाळला आणि माझा जीव वर गेला. पण तो पुढे सरकला. मग स्टुलावर पाय ठेवून पुढच्या आसनात बसला. मिस्तरी मागे चढले. डोळ्यांवर त्यांनी फौंड्रीतला भट्टीचा काळा चष्मा चढवला होता. कारण विचारायचं नाही. चाकं सायकलची, माणसं दोन, सगळं डुगडुगायला लागलं, तेव्हा मिस्तरींनी वरून मला हुकूम केला, "इन्स्पेक्टर, पंख धर. सोड म्हनल्याबिगर सोडायचा न्हाई."

मी डाव्या पंखाचं टोक धरून उभा राहिलो.

मिस्तरींनी नरसाळं तोंडाला लावलं. कोंडिबानं कानाला. मिस्तरी बराच वेळ पुटपुटत होते. आम्हांला खाली एक शब्द कळला नाही. मला कळायची गरज नव्हती. मी कोंडिबाचं तोंड बघत होतो. ते जरासुद्धा हललं नाही.

मग तो मोठ्यानं म्हणाला, "काय म्हनलास? ऐकू न्हाई आलं."

मिस्तरी पुन्हा बोलले. या वेळी थोडं जोरात. "पट्टी" आणि "फोरमन" असे दोन शब्द आमच्यापर्यंत आले. तिघांपैकी एकानं मान वर केली.

"न्हाई बा," कोंडिबा म्हणाला. "नळीत काय तरी अडाकलंय."

नळी मी स्वतः तपासली होती. "स्पष्ट" असा शेरा माझा होता. इन्स्पेक्टर म्हणून माझं रक्त उसळलं, मी तोंड उघडलं, आणि कोंडिबानं वरून माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी तोंड मिटलं. आयुष्यात योग्य वेळी तोंड मिटल्याचा तेवढा एकच प्रसंग माझ्या नावावर आहे.

मिस्तरी उठून उभे राहिले. सगळं विमान कलंडलं, मी पंखाला लोंबकळलो. त्यांनी काळा चष्मा काढला. नरसाळं हातातून सुटलं ते सुटलं. आणि तो वाळकुडा, घरघरत्या छातीचा म्हातारा असा ओरडला की शेजारच्या शेडमधल्या कोंबड्यांनी एकदम कालवा केला.

"माझी पट्टी चुकली हुती, कोंड्या! कव्हरं माझ्यापायी ल्हान झाली! म्या खोटं बोललो! तुझी वाळू चांगली हुती! वाळू चांगली हुती तुझी!"

फौंड्रीतल्या तिघांतल्या एकानं टोपी काढली, पुन्हा घातली. काकूंच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो तसाच राहिला. मिस्तरी उभेच होते. बसावं का उतरावं हे त्यांना कळत नव्हतं.

कोंडिबानं नरसाळं खुंटीला अडकवलं. मागे वळून पाहिलं नाही.

"आता आलं ऐकू," तो म्हणाला.

"उतरू का मी?" मिस्तरींनी विचारलं. मी त्यांना कुणाची परवानगी मागताना कधी पाहिलं नव्हतं.

"कुटं उतरतुयास? आत्ता तर बसलोय. बैस खाली."

मिस्तरी बसले. शेडचं मोठं दार उघडं होतं. समोर भाताची खाचरं, त्यापलीकडे रस्ता, त्यापलीकडे डोंगराची सोंड. कोंडिबानं डोळ्यांवर आडवा हात धरला आणि तिकडे बघत राहिला.

"काय दिसतंय रं?" मागून मिस्तरींनी विचारलं.

"थांब की वाईच. बघनारा मी हाय का तू?"

"तूच."

"मंग गप चालीव."

मिस्तरींनी दोन्ही हातांनी सुकाणूचा दांडा धरला. काकू चहा ठेवायला आत गेल्या. ते तिघे भिंतीला टेकून बसले. उन्हं खाचरांवरून उतरत होती. माझे हात भरून आले होते, बोटं बधिर झाली होती. सोड म्हणून वरून कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.